पाठीशी बंदर नसताना

आरमाराचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा किल्ल्यांवर जातात. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा. त्यात चूक काही नाही. मराठ्यांचं आरमार हे किनाऱ्याचं आरमार होतं. गुराबा आणि गलबतं खाडीत दबा धरून बसायची, शिकारीवर तुटून पडायची आणि काम झालं की किल्ल्याच्या आडोशाला परत यायची. पाणी तिथे, धान्य तिथे, दारूगोळा तिथे आणि डागडुजीची सोयही तिथेच. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांना कान्होजी आंग्र्यांचा कुलाबा घेता आला नाही. आंग्र्यांच्या जहाजांची शिदोरी त्यांच्यापासून कधी लांब नव्हती, हे त्यांच्या बळाचं एक कारण होतं. पण त्या आरमाराचा पल्लाही याच व्यवस्थेने ठरवून टाकला. किल्ला जिथे संपला, तिथे समुद्र दुसऱ्याचा.

ज्या जहाजांच्या पाठीशी असा किल्ला नसतो, त्यांच्याविषयी हे पुस्तक आहे. भर समुद्रात एका चालत्या जहाजाने दुसऱ्या चालत्या जहाजाला तेल, पाणी, धान्य, सुटे भाग आणि दारूगोळा द्यायचा, हा त्याचा विषय. आपले नौसैनिक या कामाला इंग्रजी आद्याक्षरांवरून नुसतं 'रास' म्हणतात. या पुस्तकातही तोच शब्द ठेवला आहे. नौदलांचे इतिहास सहसा तोफा, क्षेपणास्त्रं आणि सेनापतींच्या अंगाने लिहिले जातात. तेलाच्या जहाजाचा उल्लेख बहुधा ते बुडाल्यावरच येतो. माझं मत असं की कोणत्याही नौदलाची ताकद जोखायची असेल तर त्याच्या युद्धनौका नंतर मोजाव्यात, आधी त्याची तेलाची जहाजं मोजावीत. पुढची सगळी प्रकरणं या एका मतापायी लिहिली गेली आहेत, आणि वाचकाने ते मत तपासूनच घ्यावं.

शिडाच्या जहाजाला इंधनाची चिंता नव्हती. वारा फुकट होता. माणसांना मात्र पाणी आणि ताजं अन्न लागायचं. पिंपातलं पाणी हिरवं पडायचं, बिस्किटांत किडे व्हायचे, आणि काही आठवड्यांत हिरड्या सुजून स्कर्व्हीने माणसं मरायला लागायची. १७५९ साली अ‍ॅडमिरल एडवर्ड हॉक याने फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराची नाकेबंदी उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत टिकवली, ती मुख्यतः एका हट्टापायी. ताफ्याने आळीपाळीने घरी जाऊन खाऊन यायचं, ही जुनी रीत त्याला पुरेशी वाटेना. त्याने प्लिमथहून जिवंत गुरं, भाजीपाला आणि बिअर घेऊन बोटी थेट समुद्रावर मागवल्या. फ्रेंच ताफा अखेर बाहेर पडला आणि २० नोव्हेंबरला क्विबेरॉनच्या उपसागरात गाठला गेला, तेव्हा महिनोन् महिने पाण्यावर असलेले ब्रिटिश खलाशी धडधाकट होते, आणि बंदरात अडकून पडलेल्या फ्रेंचांचा समुद्राचा सराव सुटला होता. त्या लढाईची चित्रं वादळाची आणि तोफांची आहेत. कोबीच्या आणि बैलांच्या बोटींचं चित्र कुणी काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

वाफेचं इंजिन आलं, वाऱ्याची गुलामी संपली आणि कोळशाची सुरू झाली. याचा पहिला धडा मुंबईनेच गिरवला. 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली आणि मार्च १८३० मध्ये ती सुएझकडे निघाली. तिच्या कोठारात पाच-साडेपाच दिवसांचा कोळसा मावत असे, आणि पहिला मुक्काम एडन त्याच्या दुपटीने लांब. मग केबिनपासून डेकपर्यंत जिथे जागा मिळेल तिथे कोळसा रचला. अकरा दिवसांनी बोट एडनला लागली तेव्हा तिच्याजवळ काही तासांपुरताच कोळसा उरला होता. नऊ वर्षांनी, जानेवारी १८३९ मध्ये, ब्रिटिशांनी मुंबईहून फौज पाठवून एडनच जिंकून घेतलं. त्यामागची एक मोठी निकड कोळशाच्या वखारीची होती. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता, हे आज सांगितलं तर लोक थट्टा समजतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनने जगभर जी बेटं आणि बंदरं बळकावली, त्यांतल्या कित्येकांचा हिशेब असा कोळशाच्या ढिगाने लागतो.

ज्याच्याकडे अशी बंदरं नव्हती त्याचं काय व्हायचं, ते रशियाने दाखवलं. ऑक्टोबर १९०४ मध्ये अ‍ॅडमिरल रोझेस्टवेन्स्कीचा ताफा बाल्टिकहून जपानकडे निघाला. वाट जवळजवळ अठरा हजार सागरी मैलांची, आणि वाटेत स्वतःचं एकही बंदर नाही. तटस्थ देश ब्रिटनच्या आणि जपानच्या भीतीने दारं लावून बसलेले. एका जर्मन जहाज कंपनीच्या बोटी ठरल्या जागी येऊन कोळसा देत, कधी परक्या किनाऱ्याच्या आडोशाला, कधी उघड्या समुद्रावर. पुढचा कोळसा कुठे मिळेल याचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येक वेळी क्षमतेबाहेर भरायचा. तोफांच्या आसपास कोळसा, अधिकाऱ्यांच्या खोल्यांत कोळसा, झोपायच्या जागी कोळसा. विषुववृत्तावरच्या उन्हात पोती वाहणारी माणसं धुळीने गुदमरून कोसळत. नव्या युद्धनौका इतक्या जड झाल्या की त्यांचा चिलखती पट्टा पाण्याखाली गेला. मादागास्करजवळ दोन महिने रखडून हा ताफा मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत पोचला आणि दोन दिवसांत संपला. हरण्याची कारणं पुष्कळ होती. तोफखान्याचा सराव तोकडा होता, जहाजं बेमेळ होती, समोर जपानचा टोगोसारखा सेनापती होता. पण सात महिने ज्या ताफ्याने लढाईपेक्षा कोळशाचाच विचार जास्त केला, त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा करायची?

चालत्या जहाजाला कोळसा देण्याचे प्रयोगही झाले. १८९९ साली अमेरिकनांनी 'मॅसॅच्युसेट्स' या युद्धनौकेला कोळशाची बोट मागे बांधून दोघींच्या मधे तारेचा झुला केला आणि त्यावरून पोती पलीकडे सरकवली. तासाला वीसेक टन कोळसा गेला. कौतुकाची गोष्ट होती. पण एवढ्या गतीने युद्धनौकेची कोठी भरायची तर दिवस लागले असते. कोळसा उचलावा लागतो, वाहावा लागतो, फावड्याने रचावा लागतो. समुद्रात या कामाला खरी गती आली ती इंधन वाहतं झाल्यावर.

तेल आलं, तेव्हा लोकांनी त्याचे फायदे मोजले ते वेग, धूर आणि भट्टीवरच्या माणसांची बचत यांच्या हिशेबाने. ब्रिटनने आपलं नौदल तेलावर न्यायचं ठरवलं आणि १९१४ साली अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग सरकारने विकत घेतले. वेल्समधला घरचा कोळसा सोडून इराणमधल्या परक्या तेलावर विसंबायचं की नाही, यावर तिथे मोठं वादंग झालं. तेल नळीतून जातं, म्हणून ते एका जहाजातून दुसऱ्यात चालता चालता देता येईल, हा फायदा मात्र त्या वादात फारसा कुणी मांडला नाही. तो पुढे अटलांटिकच्या मधोमध दिसला.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या ब्रिटनची रसद तोडत होत्या आणि ब्रिटिशांना विनाशिका हव्या होत्या, त्याही ताबडतोब. अमेरिकेकडे विनाशिका होत्या, पण त्यांतल्या बऱ्याच एका दमात अटलांटिक ओलांडू शकत नव्हत्या. 'मॉमी' नावाचं तेलवाहू जहाज ग्रीनलंडच्या दक्षिणेला भर समुद्रात उभं करण्यात आलं. २८ मे १९१७ रोजी सहा विनाशिका तिथे पोचल्या. गार वारा, उसळता समुद्र, आसपास हिमनगांची भीती. एकेक विनाशिका 'मॉमी'च्या शेजारी आली, दोर बांधले गेले, मधे अगदी थोडं अंतर ठेवून रबरी नळीतून तेल सोडलं गेलं, आणि ती आयर्लंडकडे निघून गेली. जुलैच्या सुरुवातीपर्यंत चौतीस विनाशिका अशा पार झाल्या. जहाजावर ही व्यवस्था बसवणाऱ्यांत तिथला मुख्य इंजिनिअर होता, बत्तीस वर्षांचा चेस्टर निमित्झ. त्याला डिझेल इंजिनांचा नाद होता. पाहुण्यांना इंजिन दाखवता दाखवता त्याच्या एका बोटाचा तुकडा त्याच इंजिनात गेला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा पॅसिफिक ताफा याच माणसाच्या हाताखाली लढला. नळी आणि दोर यांच्यापासून सुरुवात केलेला सेनापती असणं ही त्या नौदलाची चांगलीच कमाई होती.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो. पुढचं समजायला हे नीट कळलं पाहिजे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पुरवठा करणारं जहाज एक दिशा आणि एक वेग धरतं. वेग बारा ते सोळा नॉटचा, म्हणजे ताशी साधारण बावीस ते तीस किलोमीटर. एकदा हे ठरलं की त्याने काहीही बदलायचं नाही; सगळी कसरत घेणाऱ्या जहाजाची. ते मागून जास्त वेगाने येतं, शेजारी येता येता वेग उतरवतं आणि पंचेचाळीस ते पंचावन्न मीटरवर स्थिरावतं. एवढ्या अंतरावरून समोरच्या डेकवरच्या माणसाचा चेहरा ओळखू येतो. असं शेजारी शेजारी दोन-तीन तास चालायचं. दुसऱ्या बाजूला त्याच वेळी आणखी एक जहाज लागलेलं असू शकतं.

लांबून हे सोपं दिसतं. अडचण मधल्या पाण्यात असते. जहाज पाणी कापत जातं तेव्हा त्याच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, दाब वाढलेला असतो आणि मधल्या भागाशी कमी झालेला. त्यामुळे मागून येणाऱ्या जहाजाची नाळ पुढच्याच्या मागच्या टोकापाशी आली की ढकला-ओढीचा खेळ सुरू होतो. पुढे दोघं बरोबरीला आले की मधल्या अरुंद पट्ट्यातून पाणी वेगाने धावतं, तिथला दाब घटतो आणि जहाजं एकमेकांकडे खेचली जातात. एक्सप्रेसवेवर शेजारून मोठा कंटेनर गेला की आपली गाडी त्याच्याकडे ओढल्यासारखी होते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे दोन्हीकडे हजारो टन वजन आहे आणि ब्रेक कुणालाच नाही. सुकाणूवर या वेळी निवडक माणूस असतो. ब्रिजच्या टोकाला उभा राहिलेला कप्तान एकेका अंशाचे, प्रसंगी अर्ध्या अंशाचे हुकूम देतो. वेगही नॉटमध्ये सांगत नाहीत, इंजिनाच्या फेऱ्यांत सांगतात: दोन वाढव, एक कमी कर. मोठ्या जहाजावर त्या हुकमाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ धीर धरणं ही या कामातली खरी विद्या आहे. घाबरून सुकाणू जास्त फिरवलं की मागचा भाग समोरच्यावर जातो.

अंतर राखलं गेलं की डेकवरचं काम सुरू होतं. शिट्टी वाजते, समोरचे लोक आडोसा घेतात आणि बंदुकीतून एक बारीक दोर पलीकडे झेपावतो. त्याच्या टोकाला जाड दोर, त्याच्या टोकाला आणखी जाड, आणि शेवटी पोलादी तार. बारीक दोराने जाड दोर ओढायचा ही युक्ती जुनीच. तार पलीकडे अडकवली की पुरवठा जहाजावरचं यंत्र ती कायम ताणलेली ठेवतं. जहाजं डोलली, जवळ-लांब झाली तरी तार ढिली पडत नाही आणि तुटतही नाही. त्या तारेवरून चाकांच्या आधाराने तेलाची नळी वळसे घेत सरकत जाते, आणि तिचं पोलादी तोंड पलीकडच्या रुंद तोंडात जाऊन बसतं. एक आणखी दोर टेलिफोनचा आणि अंतराचा. त्यावर ठरावीक अंतरावर रंगीत निशाणं बांधलेली, रात्री त्यांच्या जागी छोटे दिवे. तेल वाहत असताना दोन्ही जहाजांवर लाल निशाण चढतं. विडी-सिगारेट बंद. सुरुवातीला तेल हळू सोडतात, नमुना काढून त्यात पाणी आहे का पाहतात, मग पंप जोरात. विमानांचं तेल वेगळ्या नळीने, कारण ते वेगळं असतं आणि त्यात भेसळ झाली तर विमान पडतं.

धोका बहुधा दोराचा असतो. ताणलेला दोर किंवा तार तुटली तर ती उलटी येते आणि वाटेत माणूस असेल तर त्याचे तुकडे करते. म्हणून दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये, ही गोष्ट नव्या खलाशाला पहिल्या दिवशी शिकवतात आणि रोज पुन्हा सांगतात. एखाद्या जहाजाचं सुकाणू निकामी झालं, किंवा अचानक शत्रूची चाहूल लागली, तर तातडीने सुटायचा सरावही आधीच झालेला असतो: पंप बंद, नळी मोकळी, तार सोडून द्यायची आणि वेग वाढवून बाजूला व्हायचं. काम सुरळीत संपलं तर अमेरिकन जहाजं सुटताना लाउडस्पीकरवर आपलं एखादं आवडतं गाणं वाजवतात. तीन तास श्वास रोखून उभ्या असलेल्या माणसांना त्याची गरज असणार.

घन माल याच पद्धतीने, पण दुसऱ्या तारेवरून जातो. बटाट्याची आणि कांद्याची पोती, पीठ, औषधं, पंपाचा सुटा भाग, टपाल. पलीकडे उतरल्यावर मात्र यंत्र थांबतं आणि डेकपासून कोठारापर्यंत माणसांची रांग लागते. पोतं हातोहात खाली जातं. त्या रांगेत कारकून असो वा स्वयंपाकी, कुणाला सूट नसते. माणूस पाठवायचा असला तर त्याला खुर्चीत बसवून दोरावरून नेतात, आणि तो दोर परंपरेने माणसांनीच हाताने ओढून ताणलेला ठेवायचा असतो, कारण यंत्र चुकलं तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. हल्ली बराचसा माल हेलिकॉप्टरने उचलून डेकवर ठेवतात. तेल मात्र अजून नळीनेच जातं. अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेलाही ही नळी चुकत नाही. तिला स्वतःला तेल लागत नसलं तरी तिच्या विमानांना लागतं, आणि हजारो माणसांना रोज जेवायला लागतं.

युद्धात या सगळ्याला आणखी एक अर्थ येतो. तेल घेणारी जहाजं काही तास सरळ रेषेत, ठरल्या वेगाने चालतात. वाट नागमोडी करता येत नाही. पाणबुडीला याहून सोपं लक्ष्य मिळत नाही. म्हणून ही कामं रात्री अंधार करून, किंवा शत्रूच्या पल्ल्यापासून लांब जाऊन करतात. लांब जायचं तर पुन्हा तेल जळतं. सेनापतीला हा हिशेब कायम मनात ठेवावा लागतो.

हा हिशेब ज्यांचा चुकला त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेचं. मे १९४१ मध्ये ती निघाली तेव्हाच तेल भरताना नळी फुटल्यामुळे टाक्या पूर्ण भरल्या नव्हत्या. नॉर्वेच्या खाडीत थांबली तेव्हा बरोबरच्या 'प्रिन्झ ऑयगेन'ने तेल घेतलं, तिने घेतलं नाही. २४ मे रोजी तिने ब्रिटिशांची 'हूड' बुडवली, पण त्या चकमकीत बसलेल्या गोळ्यांमुळे तिच्या पुढच्या टाक्यांतलं सुमारे हजार टन तेल वापराबाहेर गेलं. जर्मन तेलाची जहाजं तिच्यासाठी समुद्रात वाट पाहत होती. तिला तिथवर जाता आलं नाही. फ्रान्सकडे सरळ आणि सावकाश जाणं हाच मार्ग उरला, आणि त्या मार्गावर ती सापडली. तिच्या मागावरच्या ब्रिटिश जहाजांचीही तीच गत होती. 'प्रिन्स ऑफ वेल्स' तेल संपत आल्यामुळे वाटेतून परतली, आणि 'बिस्मार्क' बुडत असतानाच अ‍ॅडमिरल टोव्हीला आपलं जहाज घराकडे वळवावं लागलं, नाहीतर तेच समुद्रात अडकलं असतं. ब्रिटिशांनी यातून घेतलेला धडा मात्र चोख होता. जूनमध्ये ते त्या जर्मन पुरवठा जहाजांच्या मागे लागले आणि त्यांनी ती एकेक करून बुडवली किंवा पकडली. मोठ्या जर्मन युद्धनौकांचा अटलांटिकमधला वावर त्यानंतर जवळजवळ थांबला.

पॅसिफिकमध्ये याच्या उलटं घडत होतं. पर्ल हार्बरवर चालून आलेला जपानी ताफा उत्तर पॅसिफिकच्या थंडीत वाटेत तेल घेत आला होता. एवढं सगळं करून त्यांच्या विमानांनी बंदरातल्या युद्धनौका फोडल्या आणि शेजारी उघड्यावर उभ्या असलेल्या तेलाच्या टाक्या तशाच सोडल्या. त्यांत सुमारे पंचेचाळीस लाख पिंपं तेल होतं. ते जळालं असतं तर अमेरिकन ताफ्याला कित्येक महिने किनारा सोडता आला नसता. पुढच्या मे महिन्यात, कोरल समुद्राच्या लढाईत, जपान्यांनी 'निओशो' हे तेलवाहू जहाज विमानवाहू नौका समजून त्यावर मोठा विमानहल्ला केला. 'निओशो' जळत, कलंडलेली, चार दिवस तरंगत राहिली. त्याच सकाळी अमेरिकन विमानांनी जपानची खरीखुरी विमानवाहू नौका 'शोहो' बुडवली. हिशेब मांडला तर 'निओशो'वरच्या माणसांनी आपल्या ताफ्यावरचा घाव स्वतःवर घेतला. त्यांच्यावर सिनेमा निघाल्याचं ऐकिवात नाही.

१९४४ पर्यंत अमेरिकनांची पद्धत इतकी पक्की झाली होती की ताफे बंदरात न जाता आठवडेच्या आठवडे लढत राहत. त्याच आत्मविश्वासातून मोठा अपघात झाला. १७ डिसेंबर १९४४ रोजी फिलिपिन्सच्या पूर्वेला अ‍ॅडमिरल हॅल्सीचा ताफा तेल घेत होता आणि हवा बिघडत होती. 'स्पेन्स' नावाच्या विनाशिकेच्या टाक्या जवळजवळ रिकाम्या होत्या. तिने 'न्यू जर्सी' या युद्धनौकेकडून तेल घ्यायचा प्रयत्न केला, पण नळ्या टिकेनात. तेल घ्यायचंच आहे म्हणून टाक्यांत वजनासाठी समुद्राचं पाणी भरलं नव्हतं. रिकामी विनाशिका पाण्यावर उंच आणि डळमळीत राहते. दुसऱ्या दिवशी ताफा सरळ चक्रीवादळात शिरला. 'स्पेन्स', 'हल' आणि 'मोनॅहन' बुडाल्या. सगळ्या ताफ्यात मिळून जवळजवळ ७९० माणसं गेली. दोन महिन्यांनी निमित्झने सगळ्या ताफ्याला एक पत्र पाठवलं. त्याचा आशय असा होता की जहाजाची सुरक्षितता धोक्यात आहे हे ठरवायला कप्तानाने वरून हुकूम येण्याची वाट पाहू नये. समुद्रात तेल देण्याची युक्ती बसवणाऱ्यांतला एक जण सत्तावीस वर्षांनी तिच्या मर्यादा लिहून काढत होता. या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण या दोन दिवसांवर आहे, आणि वाचकाला एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर मी तेच वाचायला सांगेन.

फॉकलंडच्या युद्धाविषयी इथे थोडक्यात. १९८२ साली ब्रिटनला आठ हजार मैलांवर लढायचं होतं आणि वाटेत असेन्शन हे एकच बेट होतं. चिलीला विकलेलं आणि तिकडे निघालेलं 'टाइडपूल' हे तेलवाहू जहाज परत बोलवावं लागलं. व्यापारी टँकर भाड्याने घेतले, आणि त्यांच्यावरच्या साध्या खलाशांनी युद्धनौकांना मागून नळी सोडून तेल दिलं. ही माणसं गणवेशातली नव्हती.

भारताची गोष्ट मुंबईशिवाय सांगता येत नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्या तारखेला आपण नौदल दिन पाळतो. या नौका किनारी संरक्षणासाठी बांधलेल्या, पल्ला तोकडा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत त्यांना ओढत न्यावं लागलं, आणि त्यांच्याबरोबर 'पोषक' नावाचं तेलाचं जहाज होतं. त्या हल्ल्यात कराचीजवळच्या केमारीच्या तेलटाक्या पेटल्या. एका बाजूने आपलं तेल जपायचं, दुसऱ्या बाजूने शत्रूचं जाळायचं: त्या रात्रीचं डावपेचांचं सार इतकं साधं होतं. शाळेच्या पुस्तकांत 'निपात' आहे, 'वीर' आहे. 'पोषक' शोधावं लागतं.

१९६७ साली जर्मनीत बांधलेलं पहिलं 'दीपक' नौदलात आलं, सत्तरच्या दशकात 'शक्ती'. त्यांची जागा घ्यायला १९९६ साली रशियाहून 'ज्योती' आलं, २००० साली कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेलं 'आदित्य', आणि २०११ साली इटलीत बांधलेली नवी 'दीपक' आणि 'शक्ती'. नवी 'दीपक' मुंबईच्या नौदल गोदीत नौदलात दाखल झाली. १७५ मीटर लांब, साडेसत्तावीस हजार टनांची, दुहेरी कवचाची. ती तासाला दीड हजार टन तेल देऊ शकते आणि एका वेळी चार जहाजांना पुरवठा करू शकते. अपोलो बंदरावर उभं राहून युद्धनौकांचे फोटो काढणाऱ्यांना ती बहुधा मालवाहू बोट वाटते.

मित्र देशांच्या नळ्याही आता उपयोगी पडतात. ऑगस्ट २०१६ मध्ये भारत आणि अमेरिका यांनी एकमेकांना रसद देण्याचा करार केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये 'तलवार' या आपल्या युद्धनौकेने अरबी समुद्रात 'युकॉन' या अमेरिकन जहाजाकडून तेल घेतलं. सोयीची गोष्ट आहे, पण दुसऱ्याच्या नळीवर लढाई आखता येत नाही. चीनने हे ओळखलं आहे. डिसेंबर २००८ मध्ये त्यांची पहिली तुकडी समुद्री चाच्यांविरुद्ध एडनच्या आखातात निघाली तेव्हा दोन विनाशिकांबरोबर 'वेइशानहू' हे पुरवठा जहाज होतं, आणि त्यानंतर त्यांनी अशी जहाजं भराभर बांधली.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. आधुनिक युद्धनौकेची क्षेपणास्त्रं डेकखाली उभ्या नळकांड्यांत असतात. ती संपली की बंदरातच जावं लागतं, कारण कित्येक मीटर लांबीचं, नाजूक आणि जड क्षेपणास्त्र डोलत्या डेकवर उभं करून नळकांड्यात सोडणं जवळजवळ अशक्य मानलं गेलं. तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हौथी बंडखोरांची ड्रोन पाडताना अमेरिकन विनाशिकांना ही अडचण चांगलीच जाणवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'चोझिन' या युद्धनौकेवर समुद्रात असं नळकांडं भरण्याचा प्रयोग यशस्वी झाला. तेलाच्या बाबतीत १९१७ साली जे झालं, ते क्षेपणास्त्रांच्या बाबतीत आता सुरू होतंय असं मला वाटतं. हे मत धाडसाचं वाटेल, पण पहिल्या रबरी नळ्या पाहणाऱ्यांनाही तसंच वाटलं होतं.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. प्रकरणं कालक्रमाने आहेत, पण ती तशीच वाचली पाहिजेत असं नाही. ज्यांना समुद्राची सवय नाही त्यांनी दोर आणि नळ्यांचं प्रकरण आधी वाचावं, आकृत्या बघाव्यात आणि मगच लढायांकडे वळावं. नौदलात किंवा मर्चंट नेव्हीत काम केलेल्या वाचकांना काही ठिकाणी मी सोपं करून सांगितलंय असं वाटेल. ते मुद्दाम केलं आहे. त्यांनी चुका दाखवल्या तर पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त होतील.

ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी ४४,००० टनांच्या पाच पुरवठा जहाजांचा, सुमारे १९,००० कोटी रुपयांचा करार झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या जहाजाचं पोलाद कापायला सुरुवात झाली. अशी मोठी जहाजं आपण आपल्याच गोदीत बांधतो आहोत ही समाधानाची बाब आहे. ती ताफ्यात येईपर्यंत मात्र आपल्या नौदलाचा पल्ला 'दीपक', 'शक्ती', 'ज्योती' आणि 'आदित्य' या चार जहाजांनीच मोजावा लागेल. दोन विमानवाहू नौका आणि दोन किनाऱ्यांवर दोन ताफे बाळगणाऱ्या देशासाठी ही संख्या कमी आहे.